कोंदणातला धातू

"काका, अजून काय लोखंडाचं?" टेक्निशियन पोरानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं मामांची चुन्याची डबी बाहेर आली. घड्याळ, पट्टा, पाकीट, चष्मा, मोबाइल सगळं आधीच काढून झालं होतं. डबी लेंग्याच्या चोरखिशात होती. ती त्यांनी गुन्हा कबूल केल्यासारखी माझ्या हातात ठेवली आणि पोरगा हसला. आतलं चुंबक दीड टेस्लाचं. वीज गेली तरी ते चालूच असतं, रात्री सेंटरला कुलूप लागलं तरी चालूच. पत्र्याची डबी त्याच्या तोंडाशी नेली तर खिशातून सुटून थेट त्याच्या पोटात जाते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या सेंटरच्या काउंटरवर दोन दर लिहिले होते, मेंदूचा एमआरआय 'प्लेन' हवा तर एक आणि 'कॉन्ट्रास्ट' हवा तर दुसरा. औषधाची बाटली शेजारच्या मेडिकलमधून वेगळी आणायची. मामी गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "डाय घातल्याबिगर दिसत न्हाई व्हय?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांनी लिहिलंय." त्यात खोटं काही नव्हतं, पण मामींनी विचारलेलं तसंच राहिलं. त्यांच्या प्रश्नातून आणखी एक प्रश्न निघतो, जो त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच सुचला नाही. डाय घालायचीच, तर कुठली?

आधी 'डाय' या शब्दाचं बघू, कारण तो सगळीकडे रुळलाय आणि सगळीकडेच दिशाभूल करतो. डाय म्हणजे रंग. बाटलीतलं औषध मात्र पाण्यासारखं नितळ असतं. त्यानं शरीरात काही रंगत नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे एमआरआयच्या यंत्राला हे औषध दिसतच नाही. सीटी स्कॅनला जे आयोडीनचं इंजेक्शन देतात ते क्ष-किरण अडवतं, म्हणून ते स्वतःच फिल्मवर उमटतं. इथला मामला वेगळा आहे.

आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. या अणूंची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन, ही इवलाली चुंबकंच. मोठ्या चुंबकात माणूस सरकवला की त्यातली काही एका दिशेला तोंड करून उभी राहतात. दहा लाखांमागे पाच-दहाच जास्तीची उभी असतात, पण कामाला तेवढी पुरतात. मग यंत्र रेडिओलहरींचा एक झटका देतं आणि ही उभी पोरं आडवी होतात. झटका थांबला की एकेक करून पुन्हा उठतात. मेंदूच्या कुठल्या भागातलं पाणी किती वेळात उठून उभं राहतं, त्यावर काळं-पांढरं चित्र तयार होतं. लवकर उठलं ते पांढरं, रेंगाळलं ते काळपट.

कोल्हापूरकराला हे तालमीवरून पटकन कळेल. पहाटे हौद्यात पोरं पडतात, उठतात. वस्ताद लांब कट्ट्यावर बसलेला असेल तर पडलेला पोरगा अंग झाडत, माती पुसत सावकाश उठतो. वस्ताद हौद्यात उतरून शेजारी उभा राहिला की तोच पोरगा पाठ टेकते न टेकते तोच उभा. गॅडोलिनियम नावाचा धातू हा असा वस्ताद आहे. त्याच्याकडे सात एकटे, जोडी न लागलेले इलेक्ट्रॉन असतात. एवढे एकटे इलेक्ट्रॉन बाळगणारे धातू फार थोडे आहेत. त्यांच्यामुळे त्याच्याभोवती चुंबकीय खळबळ माजते, आणि त्याला लागून गेलेलं पाणी भराभर उठून उभं राहतं. यंत्राला वस्ताद दिसत नाही, उठलेली पोरं दिसतात. त्या जागी चित्र पांढरं उजळतं.

हा धातू १८८० साली स्विस रसायनशास्त्रज्ञ मारिन्याक यांनी ओळखला. नाव पडलं ते गॅडोलिनाइट या खनिजावरून, आणि खनिजाचं नाव फिनलंडच्या योहान गाडोलिन यांच्यावरून. पुढची शंभर वर्षं वैद्यकाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आता मामींच्या प्रश्नाकडे. डायशिवाय गाठ दिसत नाही का? पुष्कळदा दिसते. सूज दिसते, सरकलेला मेंदू दिसतो, गाठीचा आकारही दिसतो. मग औषध कशासाठी? औषध दाखवतं ती गाठ नव्हेच, ते दाखवतं पडलेली भिंत.

ही भिंत सापडली ती खऱ्या रंगामुळे, आणि तीही एका चुकीच्या निष्कर्षातून. १८८५ साली जर्मनीत पाउल एर्लिख प्राण्यांच्या शिरेत रंग सोडून पाहत होते. काळीज, मूत्रपिंड, स्नायू, सगळं रंगलं. मेंदू तेवढा कोरा राहिला. एर्लिख यांना वाटलं, मेंदूला रंगाचं वावडं असावं. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या गोल्डमन यांनी १९१३ साली उलट बाजूनं प्रयोग केला आणि निळा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला, बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे वावडं नव्हतं, मधे आडकाठी होती. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांना फटी असतात. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना गच्च शिवलेल्या असतात. हाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा.

गॅडोलिनियमचं औषध या पडद्याला ओलांडू शकत नाही. निरोगी मेंदूत ते शिरांमधून येतं आणि शिरांमधूनच जातं. पण जहाल गाठ वाढताना घाईघाईनं नव्या रक्तवाहिन्या काढते. त्या कच्च्या आणि गळक्या असतात. औषध तिथे झिरपतं, भोवतालच्या पाण्याला उठवतं आणि जागा उजळते. ग्लिओब्लास्टोमात मधला भाग मेलेला असतो, कडेला जिवंत गाठ वाढत असते, म्हणून बहुधा वेडंवाकडं कडं दिसतं. मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणातून निघणारी गाठ. तिच्या रक्तवाहिन्यांना मुळात हा पडदाच नाही, त्यामुळे ती सबंध दिव्यासारखी पेटते. मामांची गाठ याच जातीची निघाली. सावकाश वाढणाऱ्या कमी जहाल ग्लिओमात मात्र भिंत बऱ्याचदा शाबूत राहते. गाठ असते पण उजळत नाही. 'डाय घेतली नाही, म्हणजे काही नाही' असं एखादा नातेवाईक फिल्म उजेडाला धरून ठणकावून सांगतो, तेव्हा हे आठवावं.

आणि उजळलं म्हणजे गाठच, असंही नाही. आपल्या देशात तर नाहीच. क्षयाची गाठ मेंदूत होते, ती कड्यासारखी उजळते. डुकराच्या फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. शुद्ध शाकाहारी घरातही हे होतं. ती अळीही कड्यासारखी उजळते. तिन्हीकडे भिंत पडलेली, पाडणारा वेगळा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सीटी स्कॅनवरून अळी आणि क्षयाची गाठ वेगळी ओळखायच्या खुणा मांडल्या. कडं २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा सुबक, मेंदूची मधली रेषा न सरकलेली असेल तर कल अळीकडे. किती कवट्या त्यामुळे न उघडता राहिल्या असतील! परदेशी पुस्तकांत कडं दिसलं की पहिल्या ओळीत कर्करोग येतो. आपल्याकडचा न्यूरॉलॉजिस्ट पहिल्यांदा विचारतो, घरात कोणाला टीबी होता का?

इथवर औषधाचं काम कळलं. आता औषधा-औषधांतला फरक.

नुसतं गॅडोलिनियम विष आहे. त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी इतका मिळताजुळता की पेशींच्या कॅल्शियमच्या वाटेत ते बोळ्यासारखं अडकून बसतं. स्नायू आणि मज्जातंतूंचं काम कॅल्शियमवर चालतं, म्हणजे वस्ताद हवा पण मोकाट नको. उपाय असा निघाला की धातूचा अणू एका मोठ्या सेंद्रिय रेणूनं जखडायचा, त्याचं काम करून घ्यायचं आणि जखडलेला तसाच लघवीवाटे बाहेर काढायचा. बर्लिनच्या शेरिंग कंपनीनं १९८१ साली अशा पहिल्या औषधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागचं मुख्य नाव हान्स-योआखिम वाइनमान. १९८८ साली ते मॅग्नेव्हिस्ट या नावानं बाजारात आलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८६ साली, भारतातलं पहिलं एमआरआय यंत्र दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत बसलं होतं.

जखडायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि साऱ्या तुलनेची मेख इथे आहे. गुजरीत एखाद्या सोनाराच्या पेढीवर बसून बघा. खडा दागिन्यात दोन प्रकारे बसवता येतो. एक, तारेचे वेढे देऊन. पटकन होतं, दिसतंही बरं, पण तारेचं एक टोक सुटलं की खडा हलायला लागतो. दुसरं, चारी बाजूंनी बंद कोंदण करून त्यात. तिथे खडा काढायचा तर सगळं कोंदण एकदम उचकटावं लागतं. मॅग्नेव्हिस्ट आणि त्यानंतर १९९३ साली अमेरिकेत आलेलं ऑम्निस्कॅन ही तारेची औषधं. शास्त्रज्ञ त्यांना सरळ साखळीची म्हणतात. डोटारेम, प्रोहान्स, गॅडोव्हिस्ट ही कोंदणाची, म्हणजे कड्याच्या रेणूची. कडं आधी तयार असतं आणि धातू त्याच्या पोकळीत जाऊन बसतो.

फरक किती? फ्रेन्झेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ही औषधं माणसाच्या रक्तद्रवात ३७ अंशांवर १५ दिवस ठेवून पाहिली. ऑम्निस्कॅनमधलं जवळजवळ २० टक्के गॅडोलिनियम सुटून बाहेर पडलं. मॅग्नेव्हिस्टमधलं सुमारे २ टक्के. कड्याच्या औषधांमधून मोजता येईल इतकंही सुटलं नाही. हा प्रयोग बायर शेरिंगच्या, म्हणजे गॅडोव्हिस्ट विकणाऱ्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला, हे लक्षात ठेवलेलं बरं. पण त्याच कंपनीचं मॅग्नेव्हिस्टही त्यात उघडं पडलं, आणि पुढे जे घडलं ते या आकड्यांना धरूनच घडलं.

किडनी चांगली असेल तर औषधाचा निम्मा भाग दीडेक तासात रक्तातून जातो, दिवसभरात नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेर पडतो. तारेला सैल व्हायला वेळच मिळत नाही. किडनी निकामी असेल तर तेच औषध दिवसेंदिवस फिरत राहतं. रक्तातलं जस्त आणि तांबं त्या तारेत हळूच शिरतं आणि गॅडोलिनियमला बाहेर ढकलतं. १९९७पासून अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांमध्ये एक विचित्र रोग दिसायला लागला. कातडी लाकडासारखी कडक होई, सांधे आखडत, माणूस अंथरुणाला खिळे. कारण कळत नव्हतं. २००६ साली ऑस्ट्रियातल्या ग्रोब्नर या किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बोट दाखवलं ते एमआरआयच्या इंजेक्शनकडे. त्यातली बहुतेक प्रकरणं ऑम्निस्कॅनची निघाली. सेंटरवाला सुई लावण्याआधी क्रिएटिनिनचा कागद मागतो, तो या रोगामुळे. मामी त्या कागदासाठी लॅबच्या दोन फेऱ्या मारून वैतागल्या होत्या. कागदाची शिस्त आणि कोंदणाची औषधं, या दोहोंमुळे तो रोग आता जवळजवळ दिसेनासा झालाय.

मग २०१४ साली जपानमधून दुसरी बातमी आली. तोमोनोरी कांदा आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की ज्यांना ही इंजेक्शनं अनेकदा मिळाली आहेत त्यांच्या मेंदूतल्या दोन खोल जागा, औषध न देताही, जराशा पांढऱ्या दिसतात. किडनी ठणठणीत असलेल्यांच्यासुद्धा. पुढच्या वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये मृत रुग्णांच्या मेंदूतून ऊती काढून तपासल्या, त्यात गॅडोलिनियमच सापडलं. त्यामुळे मेंदूला इजा होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या औषध नियामकानं मात्र वाट बघितली नाही. २०१७ साली ऑम्निस्कॅन आणि शिरेतून द्यायचं मॅग्नेव्हिस्ट बंद करा, असा निर्णय झाला. अमेरिकेनं बंदी घातली नाही, इशारा छापला. माझं मत युरोपच्या बाजूनं आहे. चित्र तितकंच चांगलं देणारं कोंदण हाताशी असताना तारेचा हट्ट कशाला? आणि मेंदूच्या गाठीचा रुग्ण हा एकदा सुई टोचून घरी जाणारा नव्हे. वर्षातून दोनदा, तीनदा, कधी दर दोन महिन्यांनी त्याला यंत्रात जावं लागतं. थेंबे थेंबे तळे साचण्याची भीती त्यालाच सगळ्यात जास्त.

कोंदणाच्या औषधांत आपसात डावं-उजवं काय? इथे जाहिराती सुरू होतात, म्हणून जरा सावध. नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल. साठ किलोच्या माणसाला डोटारेम १२ मिलिलिटर लागतं, गॅडोव्हिस्ट ६. दुसरं दुप्पट दाट असतं म्हणून निम्मं पुरतं. शरीरात जाणारं गॅडोलिनियम दोन्हींत सारखंच, जवळजवळ १ ग्रॅम. पाणी उठवण्याची ताकद गॅडोव्हिस्टची थोडी जास्त. मग गाठ जास्त चांगली दिसते का? रिमाइंड नावाच्या अभ्यासात मेंदूच्या गाठी असलेल्या २७९ रुग्णांना दोन्ही औषधं वेगवेगळ्या दिवशी दिली. २०१७ साली तो छापून आला. यंत्रानं मोजलं तर गॅडोव्हिस्टचा उजळपणा जास्त भरला. पण कुठली फिल्म कुठल्या औषधाची हे न सांगता तीन रेडिओलॉजिस्टांना दाखवली, तर गाठीची कड, आतली घडण, उजळलेला भाग यांत त्यांना काही फरक करता आला नाही. दोन्ही सारखीच.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉल या नव्या औषधाला परवानगी मिळाली. यात खरोखर नवीन कल्पना आहे. गॅडोलिनियमला नऊ हात. जुन्या कोंदणांत आठ हात बांधलेले असतात आणि एक मोकळा, त्या एका हाताशी पाण्याचा एक रेणू येतो, उठतो, जातो, दुसरा येतो. गॅडोपिक्लेनॉलमध्ये सात बांधलेले आणि दोन मोकळे, तरी कडं घट्ट. वस्ताद एकाच्या जागी दोन पोरं उठवतो. त्यामुळे डोस निम्मा करता येतो, किलोमागे ०.०५ मिलिमोल. पिक्चर नावाच्या अभ्यासात अडीचशेवर रुग्णांत त्याची गॅडोव्हिस्टच्या पूर्ण डोसशी तुलना झाली. निम्म्या गॅडोलिनियममध्ये चित्र तेवढंच चांगलं आलं. निम्म्याच्या आसपास वेळा तर तपासणाऱ्यांनी नव्याचंच चित्र पसंत केलं.

हे सगळं खरं. फक्त एवढंही सांगतो की रिमाइंड आणि पिक्चर, दोन्हींचा खर्च फ्रान्सच्या गेर्बे कंपनीनं केला. डोटारेम त्यांचंच, गॅडोपिक्लेनॉलही त्यांचंच. जुना माल विकायचा होता तेव्हा 'फरक नाही' हे सिद्ध झालं, नवा आला तेव्हा 'निम्म्यात काम' हे सिद्ध झालं. म्हणून अभ्यास खोटे ठरत नाहीत. पण कुठला प्रश्न विचारायचा हे पैसे देणारा ठरवतो, आणि डॉक्टरला पडणारा रोजचा प्रश्न तिसराच असतो.

तो आम्हाला सहा महिन्यांनी कळला. मामांची गाठ लहान होती आणि अडचणीच्या जागी होती, म्हणून लगेच हात न लावता नजर ठेवायची ठरली होती. सल्ला पक्का करायला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. तिथे नवा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. जुन्यात गाठ लखलखीत, नव्यात जरा मंद. मामी खूश, "कमी झालं की ओ!" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोल्हापूरला कुठलं कॉन्ट्रास्ट दिलं होतं? किती? आणि सुईनंतर किती मिनिटांनी काढलंय हे?"

रिपोर्ट उघडला. त्यात लिहिलं होतं, 'कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या चित्रांत गाठ एकसारखी उजळते.' औषधाचं नाव नाही, डोस नाही, वेळ नाही. चार पानांच्या रिपोर्टात मामांचं वय दोनदा होतं, सेंटरचा लोगो चारदा. मी मनात त्या सेंटरला चार शब्द ऐकवले. शेवटी नाव सापडलं ते मामींच्या पिशवीत. मेडिकलचं बिल त्यांनी चार घड्या करून फाइलच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं होतं. गॅडोव्हिस्ट, ७.५ मिलिलिटर, एक नग. मुंबईत दिलं होतं डोटारेम.

औषध बदललं, यंत्र बदललं, बहुधा वेळही बदलली. सुई दिल्यावर गळक्या जागेत औषध झिरपत राहतं, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाचं चित्र आणि आठव्या मिनिटाचं चित्र एकसारखं नसतं. २०१५ साली मेंदूच्या गाठींच्या चाचण्यांसाठी जगभरच्या तज्ज्ञांनी एक सामाईक पद्धत ठरवली. तिच्यात सुई आणि चित्र यांच्यामध्ये दर वेळी तेवढंच अंतर राहावं म्हणून मधे औषधाशी संबंध नसलेलं एक चित्र मुद्दाम घ्यायचं, असं आहे. कुठलं औषध श्रेष्ठ यावर त्या तज्ज्ञांनी डोकं आपटलं नाही. जे द्याल तेच पुढच्या वेळी द्या, तेवढंच द्या, तेवढ्याच वेळानं बघा, असा त्याचा अर्थ.

जहाल गाठींत तर हे जास्तच नाजूक. डेक्सामेथासोन सुरू केलं की भिंतीच्या फटी मिटायला लागतात. गाठ तेवढीच असते पण उजळणं कमी होतं. बेव्हासिझुमॅब हे औषध रक्तवाहिन्यांवरच काम करतं, त्यामुळे चित्र काही दिवसांत निवळतं आणि गाठ आत तशीच असू शकते. उलट रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडनंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत उपचारानंच भिंत आणखी पडते. चित्र भडक उजळतं, घरचे हादरतात, आणि कित्येकदा काही न करता ते आपोआप ओसरतं. पडलेली भिंत बघून कोणी पाडली हे सांगणं, एवढंच या औषधांना कधीच जमलेलं नाही.

म्हणून लोखंडाकडे लक्ष गेलं. फेरुमॉक्सिटॉल हे मुळात पंडुरोगावरचं लोहाचं इंजेक्शन, लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. गॅडोलिनियमपेक्षा ते इतके मोठे की काही तास रक्तातच राहतात, मग सावकाश गळतात, आणि भक्षक पेशी त्यांना गिळतात. गाठीत त्यांचा उजाळा दुसऱ्या दिवशी पाहायचा. अमेरिकेत, विशेषतः ऑरेगनमध्ये, न्यूवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठींत ते बरंच वापरून पाहिलं. किडनीच्या रुग्णाला ते चालतं हा मोठा फायदा. तीव्र ॲलर्जीचा धोका हा तोटा, त्यासाठी २०१५ साली त्याच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा आला.

या कणांचं कोल्हापूरशी नातं आहे. शिवाजी विद्यापीठात अतिवाहकांवर काम केलेले प्रा. एस. एच. पवार पुढे डी. वाय. पाटील विद्यापीठात गेले. तिथे २०१०च्या दशकात त्यांच्याबरोबरच्या तरुण संशोधकांनी लोहाच्या ऑक्साइडचे आणि लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीजच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण बनवले. ते पाण्यात टिकावेत, पेशींना बाधू नयेत, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापून कर्करोगाच्या पेशी भाजाव्यात, असा खटाटोप. गाठीतच कण सोडून ती तापवायची ही कल्पना जर्मनीत मेंदूच्या गाठींवर प्रत्यक्ष वापरली गेली. २०१० साली युरोपात तिला परवानगी मिळाली. आणि तिथे एक पेच आला. डोक्यात एकदा एवढं लोखंड सोडलं की एमआरआयमध्ये त्या जागी नुसता काळा डाग दिसतो. गाठ मेली की वाढली हे बघायला सीटीकडे परत जावं लागतं. एमआरआयच्या दारात मामांची चुन्याची डबी काढून घेणाऱ्या पोरानं त्या रुग्णाला काय म्हणावं?

मामांच्या दोन फिल्मवर मुंबईच्या डॉक्टरांनी उजळपणाचा नाद सोडला आणि पट्टी लावली. दोन्हींत आडवं-उभं माप १४ बाय ११ मिलिमीटर. कमी नाही, जास्त नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले, पण एमआरआय कोल्हापुरातच त्याच यंत्रावर काढा आणि औषध तेच मागा.

तिसऱ्या खेपेला मामांनी आत जाण्याआधीच, कोणी न विचारता, चुन्याची डबी माझ्या हातात दिली. मेडिकलमधून बाटली मामींनीच आणली आणि माझ्यापुढे धरली. "काय लिवलंय वाच बघू. त्येच हाय न्हवं?" अक्षरं मुंगीएवढी. तेच होतं. टेक्निशियनला आम्ही वेळ विचारली तेव्हा त्यानं जरा चमकून बघितलं आणि सांगितलं, "सुईनंतर पाच मिनिटांनी घेतो." मी ते सगळं फाइलच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं लिहिलं. औषध, डोस ६.५ मिलिलिटर, दीड टेस्ला, पाच मिनिटं, तारीख.

काम झाल्यावर मामींनी रिकामी बाटली मागितली. "मी ठेवतो पिशवीत, बिलासंगट."

"अवो काकू, तसं चालत न्हाई," पोरगा म्हणाला. "काचेची बाटली निळ्या डब्यात जाती." मग त्यानंच ती खिडकीपाशी उजेडात धरली, लेबल माझ्याकडे वळवलं, आणि मी फोटो काढून होईपर्यंत हात न हलवता उभा राहिला.